गुरम्माबद्दल मी जे सांगितलं होतं

सोलापूर,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय महानंदा,

तुला आणि मुलींना माझी दुआ. मैंदर्गीत थंडी पडली का? इथे अजून नाही. तू पाठवलेली शेंगाचटणी पोचली. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

शनिवारच्या कार्यक्रमाचं बोलावणं तुला आलंच असेल. आपल्या सरकारी दवाखान्याचा इतिहास पुस्तकरूपाने निघतोय. ऋतुराज म्हणून एक तरुण डॉक्टर आहेत, त्यांनी जुन्या माणसांना शोधून शोधून लिहून घेतलं. मीही पुष्कळ सांगितलं. साथीच्या रोग्यांचा वॉर्ड पूर्वी कुंपणाबाहेर होता, तिथे तुझी आजी कामाला होती, कॉलऱ्याच्या साथीत ती महिनाभर घरी गेली नव्हती, हे तुझ्या आईकडून ऐकलेलं. किल्लारीच्या भूकंपाचंही सांगितलं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. ट्रक भरभरून जखमी माणसं येत होती आणि मी जिन्याखाली जाऊन लपले होते. तुझ्या आईने, गुरम्माने, हाताला धरून बाहेर काढलं. "रडायचं तर रड, पन हात चालू ठेव," म्हणाली. ती आया, मी नर्स. पण काम मला तिनेच शिकवलं.

हे सगळं छापलंय. पुढे २०२० सालचं, कोरोनाचं पान आहे. तुझी आई गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, असं त्यात आहे. ते पान शनिवारी मी वाचायचं आणि मग आईच्या नावाने तुझा सत्कार.

परवा फोटोसाठी आम्हाला तुझी आई गेली त्या वॉर्डात नेलं. आता तिथे साधे पेशंट असतात, खिडक्या उघड्या असतात. पण दाराशी माझे पाय थांबले ते थांबलेच. भिंतीला धरून मी खालीच बसले. डॉक्टरांना वाटलं, माझी साखर उतरली. तेव्हापासून घास गिळवत नाही.

महानंदा, मी आत गेले नव्हते.

त्या दुपारी ड्यूटी माझीच होती. आदल्या आठवड्यात आमच्यातली एक सिस्टर त्याच आजाराने गेली होती. माझ्या अंगावर किट होतं, हातात मोजे होते. फक्त दार ढकलायचं होतं. गुरम्माने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि हाक मारली. "हुस्ना, मला भ्या वाटालंय. हितं बस की जरा." मी ऐकलं. काचेतून मान हलवली, येते म्हणून. आणि तिथेच उभी राहिले. आत गेले तर मीही मरणार, एवढंच डोक्यात. किती वेळ, सांगता येत नाही. डॉक्टर राउंडला आले तेव्हा ती गेली होती.

मग फाटकाशी तू. आत कुणाला सोडत नव्हते, डबा घेऊन तू सकाळपासून उभी होतीस. एवढंच विचारलंस, "मावशी, आई एकटी नव्हती ना?"

मी म्हणाले, नव्हती. तिचा हात माझ्या हातात होता. तू फाटकापलीकडून मला हात जोडलेस.

नोकरी गुडघ्यांमुळे सोडली असं मी सगळ्यांना सांगते. तुझ्याकडे यायचं टाळते तेही गुडघ्यांवरच ढकलते. खरं तर त्या दारापुढे पुन्हा उभं राहायची छाती झाली नाही. तुझ्यापुढेही नाही.

काल ऋतुराज डॉक्टरांना सांगून टाकलं. ते म्हणाले, पुस्तक छापून झालंय. तुम्ही ते पान वाचू नका, कुणाला कळणार नाही. मी नको म्हटलं. शनिवारी मी उभी राहून खरं सांगणार आहे. ते तुला पहिल्या रांगेत बसून पहिल्यांदा ऐकावं लागू नये म्हणून हे पत्र. फोनवर जीभ उचलली नसती. माझा भाचा शाकीर उद्या दुधनीला जातोय, तो वाटेत तुझ्या घरी देईल.

तू आलीस तर काय बोलशील याची भीती वाटते. नाही आलीस तर त्याहून जास्त वाटेल. माफ कर असं लिहवत नाही. तिची हाक तुझ्यापर्यंत पोचवायला मला पाच वर्षं लागली. शेवटपर्यंत ती दाराकडे बघत होती, महानंदा. मी येईन असंच तिला वाटत असणार.

आजपर्यंत तुझी मावशी,
हुस्ना