खांबाला बांधलेला भाऊ

आई, यरुशलेमहून तुझ्या शफानकडून तुला शांती असो.

मी बरा आहे. पोथ्या उतरवून काढायचं काम मिळालंय, खायला भाकरी-अंजीर पोटभर. धाकट्या मत्तनची मनगटं सोलवटली नाहीत ना गं?

त्याला भुतानं धरलंय म्हणून निघताना मीच त्याला खांबाला बांधलं. तू गाऊ लागलीस, तर ‘भूत काय अंगाईनं जातं?’ म्हणून तुझ्यावरच खेकसलो.

काल शौल राजाची कथा उतरवली. त्याच्यावर दुष्ट आत्मा देवानंच धाडला होता, आणि मेंढपाळ दाविदानं वीणा वाजवली की तो निघून जायचा. तोबियाच्या कथेत देवदूत बांधतो, पण भुताला. मी भावाला बांधलं.

योनादाबकाका, आईला पत्र वाचून दाखवताय ना? इथंच थांबा. आधी मत्तनचा दोर सोडा.

आई, आता तू गा.

तुझा चुकलेला,
शफान