पहिलीची खळी

कडा, ता. आष्टी

ती. बायनाअक्कास,

तुझ्या गुडघ्यांना आणि दाजींच्या दम्याला आधी नमस्कार, मग तुम्हा दोघांना. तुझ्या रविराजला आशीर्वाद. मी बरी आहे. (म्हणजे ताप नाही आणि भूक लागते. बाकीचं पुढं लिहिते.) फोनच करणार होते, पण मोबाईल आमच्या लेकीने, प्रियदर्शनीने काढून घेतलाय, आणि त्यालाही कारण मीच.

झालं असं, की प्रियदर्शनीला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलाच्या आत्याने माझ्या हातून पोह्यांची बशी घेतली आणि म्हणाली, "आजी, तुमी बसा की आता, नातीला करू द्या." आजी! अक्का, मी तुझ्याहून धाकटी, आणि तुला अजून कुणी आजी म्हणत नाही. (तू केस काळे करतेस हे दाजींना माहीत नाही, मला माहीत आहे.) सोयरीक जमली, पण ती 'आजी' काही माझ्या घशाखाली उतरेना. मग मोबाईलवर एक बाई सापडली, ती चेहऱ्याचा व्यायाम शिकवते. गाल फुगवून हवा या गालातून त्या गालात खेळवायची, आभाळाकडे तोंड करून ओठांचा चंबू करायचा, जीभ हनुवटीपर्यंत काढून डोळे वटारायचे. म्हणे वय माघारी फिरतं. घरात लाज वाटायची म्हणून मी गोठ्यात जायची. म्हैस बघत राहायची, पण तिने कधी नावं ठेवली नाहीत. आमचा गडी नाथा मात्र धार काढायला आला आणि माझी जीभ बघून चरवी तिथेच टाकून पळाला. दिवस मावळायच्या आत गावभर झालं, की सुंदररावांच्या बायकोच्या अंगात देवी येते. दुसऱ्या दिवशी दारात बायका नारळ घेऊन हजर! एकीने विचारलं, "माझा मालक ऊसतोडीवरून कवा येईल?" माझे गाल फुगलेले, बोलता येईना, नुसतं बोट रस्त्याकडे केलं. तिचा मालक त्याच दुपारी आला. तेव्हापासून मला स्वतःचीच थोडी भीती वाटायला लागली.

आता हसणं आवर आणि पुढचं नीट वाच. चेहरा खरंच फिरला. कपाळावरच्या आठ्या गेल्या, हनुवटीखालचं लोंबणारं गेलं, आणि डाव्या गालाला खळी पडायला लागली. अक्का, आपल्या माहेरात कुणाला खळी नाही, आपली तोंडं थापलेल्या भाकरीसारखी सपाट. मला वाटलं, हवा खेळवून खेळवून पडली असेल. मग एक दिवस आत्याबाईंनी (आमच्या सासूबाईंनी, मोतीबिंदूमुळे त्या आता माणसं चाचपून ओळखतात) माझ्या गालावरून हात फिरवला, बोट बरोब्बर खळीत ठेवलं आणि म्हणाल्या, "बबिता, लई दिवस कुठं गेलतीस ग?"

बबिता म्हणजे ह्यांची पहिली. लग्नानंतर वर्षाच्या आत वारली. तिच्या नावाचा, तोंड कोरलेला चांदीचा टाक आत्याबाईंनी माझ्या लग्नातच माझ्या गळ्यात घातला, तो आजवर गळ्यातच आहे. पद्धत तुला माहीत आहे: दुसरेपणाच्या बाईने नवी साडी, नवी बांगडी, काहीही नवं असो, आधी पहिलीच्या टाकाला लावायचं आणि मग आपल्या अंगाला. त्यात मी कधी चुकले नाही. पण नवा चेहराही आधी तिला लावायचा असतो, हे मला कुणी सांगितलं होतं? त्या मोबाईलवाल्या बाईला तरी काय माहीत!

मी टाक उजेडात धरून बघितला. टाकावरचं तोंड ते काय असतं, दोन डोळे, एक नाक आणि ओठांची रेघ. आता त्याच्या कपाळावर आठ्या आहेत. हनुवटीवर तीळ आहे. माझा तीळ, अक्का. आणि आरशात माझ्या हनुवटीवर काहीच नाही.

व्यायाम त्याच क्षणी बंद केला. पण चेहरा ऐकत नाही. भाकरी थापायला बसले की गाल आपोआप फुगतात, हवा इकडून तिकडे फिरते. (चूल फुंकायला कामी येते, एवढाच काय तो फायदा.) आणखी एक गोष्ट लाजत लाजत लिहिते. परवा ह्यांनी गजरा आणला. लग्न झाल्यापासून माझ्याकडे बघून 'मीठ जास्त झालंय' याखेरीज काही न म्हणालेला माणूस दारात उभा राहून हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. कुणासाठी ते मला कळत होतं, तरी मला फार बरं वाटलं. मी गजरा माळला. टाकाला लावायचा राहिला. लावायचा कशाला, पहिली मीच की, असं मनात आलं.

एक प्रियदर्शनीच काय ती फसत नाही. मोबाईल तिनेच हिसकावून घेतला. जेवताना समोर बसते, माझ्या तोंडाकडे बघते, आणि मग नजर खाली आणून गळ्यातल्या टाकाशी बोलते. "आई, भाजी वाढ की." मी वाढते. ती टाकाकडेच बघून जेवते.

असो. लग्नाला चांगली आधीच ये. मी मजेत आहे, काळजी करू नकोस.

तुझी धाकटी,
सत्यशीला

ता. क. : मजेत आहे ते खोटं आहे. लेक सासरी निघताना कुणाच्या गळ्यात पडून रडणार? माझ्या गळ्यात पडली तर ती बबिताच्या गळ्यात पडल्यासारखी होईल. गळ्यातला हाच टाक तिला द्यावा म्हटलं, तर दोरा तोडायला घेतला की माझेच हात मागे येतात. म्हणून सांगते, रविराजच्या बारशातला आपल्या दोघींचा फोटो तुमच्या शिरूरच्या सोनाराला दाखव आणि माझा एक टाक घडवून आण. पोरीच्या गळ्यात घालून तिला वाटेला लावते. जित्या माणसाचा टाक करत नाहीत, असं सोनार म्हणेल. त्याला सांग, गेली म्हणून.

आणखी एक ता. क. : त्या फोटोत माझ्या तोंडात पेढा आहे, एक गाल फुगलेला आहे. सोनार तो नीट करायला जाईल, करू देऊ नकोस. तसाच ठेव म्हणावं. तो गाल माझा स्वतःचा आहे.