दारात कोण आलेलं चालेल

प्रिय वर्नीस,

फोनवर तू "कशी आहेस?" विचारतेस आणि माझ्या तोंडून आपोआप "मजेत" निघतं. म्हणून हे लिहायला बसले आहे. कागदापुढे उसनं अवसान आणावं लागत नाही.

आधी बरी बातमी. नियाराला शाळेच्या गायनवृंदात पुढच्या रांगेत घेतलंय. दात पडल्यामुळे मध्येच शिट्टी वाजते, पण गाते अगदी मन लावून. मिलवॉकीच्या आमच्या टोकाला बर्फ वितळायला लागलाय, सरोवरावरचा वारा मात्र अजून कान तोडतो. शाळेच्या स्वयंपाकघरातलं माझं काम चालू आहे. तिथल्या बायका मला 'लोखंड' म्हणतात. परवा मक्याच्या पावाचा गरम ट्रे माझ्या हातून सुटला, तर हसत सुटल्या, "लोखंडाला गंज चढला गं!" मीही हसले. खरं तर बाहेर सायरन वाजला होता.

हल्ली असंच होतं. सायरन लांब जाईपर्यंत मी भिंतीला पाठ लावून उभी राहते. झोप उडाली आहे. कधी कधी अंग असं थिजतं, की हाक ऐकू येते पण ओ देता येत नाही. त्या वेळी वाटतं, असंच राहावं, परत येऊच नये. दचकू नकोस, पुढे वाच.

तू म्हणशील, "आपल्या घरात वेडं व्हायला वेळ कोणाला आहे?" चर्चमधल्या पाळकबाई म्हणाल्या, "देवाशी बोल, त्याची अपॉइंटमेंट लागत नाही." बोलले मी. तरीही एका थेरपिस्टकडे गेले. गोरी होती, स्वभावाने गोड. ती म्हणाली, "फारच भीती वाटली तर आणीबाणीचा तो तीन आकडी नंबर फिरवा, मदत दारात येईल." मी मान डोलावली, कोट चढवला आणि पुन्हा गेले नाही. आपला भाऊ रॉस्को आजारी होता, त्याला मदत मिळावी म्हणून आईने तोच नंबर फिरवला होता आणि मदत म्हणून पोलीस आले होते, हे त्या बाईला सांगायला माझी जीभच वळेना.

आता मिस प्रूइट नावाच्या दुसऱ्या थेरपिस्टकडे जाते. बायकांच्या केसांच्या सलूनच्या वर तिची खोली आहे, तेलाचा वास जिन्यातून वर येतो. आपल्यातलीच, काळी, आपल्याहून थोडी मोठी. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "तुमची माणसं मूळची मिसिसिपीतली कुठली गं?" आणि मग, "जेवलीस का?" रॉस्कोचं सांगून मी आणखी पुरावे द्यायला लागले, तेव्हा तिने हात वर केला. "बाळा, भीती खरी आहे हे मला पटवू नकोस. मीही याच गावात गाडी चालवते, पोलीस मलाही अडवतात. तिला थोडी बाजूला कशी सरकवायची, तेवढं बघू." शब्द संपले की ती आपल्या चर्चमधल्या म्हाताऱ्यांसारखी नुसती गुणगुणते. मीही सूर धरते. भीती बाजूला सरकते, थोडा वेळ का होईना.

पण गेल्या आठवड्यात आंघोळीचं पाणी सोडलं आणि मी टबच्या काठावर थिजले. पाणी दाराखालून बाहेर गेलं. नियारा दार वाजवत होती. "आई, ओ दे ना. शाळेत सांगितलंय, मोठं माणूस बोलत नसेल तर नंबर फिरवायचा." मग फोनच्या बटणाचा आवाज आला. मग दुसरा. आवाज कुठून आणला कोण जाणे, मी ओरडले, दार उघडलं. ती ओल्या मोज्यांत फोन धरून उभी होती. "बरोबर केलं ना मी?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

हे मी मिस प्रूइटला सांगितलं. ती म्हणाली, "लेकराला कोणाला तरी हाक मारता आलीच पाहिजे. तुझ्या दारात कोण आलेलं तुला चालेल?" विचार करायच्या आत मी तुझं नाव घेतलं, आणि लगेच पायऱ्या आठवल्या. रॉस्को पोलिसांच्या गोळीने आईच्या या घराच्या पुढच्या पायऱ्यांवर पडला, त्यानंतर तू त्या चढलेली नाहीस. नाताळात रस्त्यावरून हॉर्न वाजवतेस, रताळ्याची गोड पाई गाडीच्या खिडकीतून देतेस. मी कधी विचारलं नाही. मला माहीत होतं.

आज विचारते आहे. नियाराला तुझा नंबर पाठ करून देऊ का? तिने फोन केला तर तू यायचंस, मी ओ दिली नाही तरी आत यायचंस, माझ्या शेजारी बसायचंस आणि मिस प्रूइटला बोलवायचंस. एवढंच. पुढून यायला नको. पाकिटात मागच्या दाराची किल्ली ठेवली आहे. जमणार नसेल तर ती परत पाठव, मी रागावणार नाही. फक्त लवकर पाठव. नियारा रोज विचारते, "आई, मग मी कोणाला फोन करू?" आणि मी अजून तिला काहीच सांगितलेलं नाही.

तुझीच बहीण,
जोनेल