माझ्या आवाजाला लागलेली हळद

४ जानेवारी, रविवार
सगळ्यात आधी आली शेवंताबाई. बोलवलं कोनी? भिंतीला भिंत लागून घर, कान लावूनच बसलेली असते. सुपात सुका जवळा घेऊन माझ्याच ओटीवर निवडत बसली. मग आमची नात मनस्वी आनि तिच्या ऑफिसातला हितेश, लॅपटॉप, माईक घेऊन. दोघं आवाजाचं कसलंतरी कोडिंग बनवतात. टेस्टिंगला माझे धवले, लग्नात हळदीला गातात ती गानी, पायजेत. चांगले आले तर मे महिन्यात मनस्वीच्या हळदीला तेच वाजनार, डीजेच्या आधी. म्हनजे वाजनारच.

मनस्वीने समजावलं. पिवळी ओळ म्हनजे वॉर्निंग, काम चालू राहतं. लाल म्हनजे एरर, काम बंद.

गायली. स्क्रीनभर पिवळंच पिवळं! हळदीच्या गान्याला हळद नाय लागनार तर काय? हितेश बोलला, आजी, जरा हळू, आवाज फाटतोय. एसीत बसनारा पोरगा तो. आमच्या दिवाळे गावचा धवला खाडीपलीकडं गेला पायजे.

शेवंताबाई मागं पुटपुटत होती. जवळ्यालाच ऐकवत असेल.

११ जानेवारी, सकाळी
ठरलं. आज हळू गायचं. नक्की.

दुपारी
हळूच सुरू केलं. पिवळं येईचना. मनस्वीला वाईट वाटेल म्हनून चढवला आवाज. स्क्रीन भरली! हितेशने कपाळाला हात लावला. इतकं आवडलं पोराला.

१८ जानेवारी
हितेश बोलला, पिवळ्याकडं कोनी बघतच नाय, आता पिवळं आलं की लालच धरायचं. तशी सेटिंग केली. मी पहिला शब्द काढला, झालं लाल, सगळं बंद. हळदीनंतर कुंकू, क्रम बरोबर हाय! मनस्वी बोलली, आजी, काय रेकॉर्डच झालं नाय गं. एका शब्दातच पोट भरलं मशीनचं.

२५ जानेवारी
आज सगळं ऐकवलं. पुढं नुसती खरखर, तव्यावर मच्छी टाकल्यासारखी. मागं मात्र एक बाई गातेय, काय गोड, शब्द न् शब्द कळतो. मी बोलली, बघा, हा माझा आवाज! शेवंताबाई सुपात बघत राहिली.

मग मनस्वी माझ्या मांडीला टेकून बसली. हळूच बोलली, आजी, हळदीला हाच लावूया का?

लावा की. धवले मीच शिकवलेत शेवंताबाईला.

तरी मला आता मशीनची खोड कळली हाय. मागं बसलेल्याचा आवाज चांगला येतो. परत नीट रेकॉर्ड करायला माईक शेवंताबाईच्या ओटीवर लावनार हायत. मी सूप घेऊन मागं बसनार, जवळा निवडत. हळूच सूर धरनार.

येतो बोललेत, पुढच्या रविवारी, १ फेब्रुवारीला.