सुक्या खड्ड्यातलं पिल्लू

१२ मे १९५४
लिहायचं कारण: लकडगंजच्या गुरांच्या डॉक्टरांनी आज तोंडावर विचारलं, ‘कालपासून पिल्लाच्या पोटात पाणी किती गेलं?’ मी म्हणाले, ‘थोडंफार.’ वर्गात असं उत्तर देणाऱ्या मुलीला मी बाकावर उभं केलं असतं.

मांजरीचं हे पिल्लू माझं नाही, शेजारच्या गंगाबाईचं. चार दिवसांपूर्वी ती बहिणीच्या आजारपणाला उमरेडला गेली. जाताना म्हणाली, ‘बाई, आमच्या बाबाले दिसत नाही, तुमीच पाहा. याच्या मायले कुत्र्यानं नेलं. आता हे बी गेलं तं उंदरं माह्या मागावर सूत ठेवत नाहीत.’ बाबा म्हणजे तिचे सासरे, तुकाजी. मुलगा वारल्यापासून हातमाग सूनच चालवते.

डॉ.नी पिल्लाच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. लगेच बसायला हवी. चार आकडे मोजून झाले तेव्हा बसली; म्हणजे चिमटा चार. ‘सुकलंय. ग्लुकोजचं पाणी द्या. आणि लिहून ठेवा.’

१३ मे
पा. (पाणी) सहा वेळा ठेवलं. पितळी वाटी, मग बशी, मग चमचा. तोंड फिरवतं. ड्रॉपरने घातलेलं नाकातून आलं. चिमटा: पाच.
बाहेर नुसत्या झळा. दाराला लावलेली वाळ्याची टट्टी भिजवली तरी तासाभरात कोरडी.

१४ मे
तुकाजींना म्हटलं, ‘तुमचं पिल्लू हट्टी आहे.’
‘हट्टी नाही, बाई. वाटी काय असते थे त्याले काय ठाऊक? खड्ड्यात जन्मलं थे.’

मग उलगडलं. उन्हाळ्यात सूत तुटू नये म्हणून गंगाबाई मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात रोज पाणी शिंपडते. पिल्लू तिथल्या ओल्या भिंती चाटत होतं. ती गेल्यापासून खड्डा कोरडा. मी रोज त्या घरात जाते. घाण म्हणून खड्ड्यात कधी डोकावले नाही.

‘ओलं सूत द्या चोखाले. खुंटीवर लडी हाय.’ दोन होत्या. एक मळकट, लोळागोळा. दुसरी करकरीत, स्वच्छ. स्वच्छ घेतली.

चोखलं! सात वेळा. चिमटा: तीन.

१५ मे
सकाळपासून ओकाऱ्या. निळसर फेस. जुलाब. ल. (लघवी) नाही. चिमटा: सहा.
पाणी उकळलेलं. वाटी राखेने घासलेली. मग चुकलं कुठे?

दुपारी. तुकाजींनी लड नुसती बोटांत चुरडली. ‘बाई, हे खळीचं सूत हाय.’
खळ म्हणजे सूत ताठ व्हावं म्हणून लावतात ती पेज. ती नासू नये म्हणून तीत मोरचूद घालतात. विष. कोष्ट्याच्या घरातलं शेंबडं पोर हे जाणतं. मी बी. ए.
‘सांगितलं का नाही?’ ओरडलेच.
‘आमच्या बोटाले समजते, बाई. मले वाटलं, तुमाले तं डोळे हाय.’

१६ मे
डॉ. म्हणाले, ‘पाणी देत राहा. मूत्रपिंडाचं सांगता येत नाही.’
पिल्लू माझ्या घरी आणलं; मळकट, बिनखळीची लड तीन पाण्यांतून काढली. तुकाजी येऊन पिल्लू धरतात, मी लडीवर थेंब सोडते. अर्ध्या अर्ध्या तासाने.
‘शाळेत पोरीले असंच पाजत होत्या काय?’
‘मुलींना पाजावं लागत नव्हतं.’
‘मंग सुटल्या बिचाऱ्या.’
ल. एकदा, चार वाजता, अगदी थोडी. चिमटा: पाच.

१८ मे
पा. अकरा वेळा. ल. दोनदा. चिमटा: चार. उभं राहिलं. मागचे पाय थरथरतात. पुन्हा आडवं.

१९ मे
पा. नऊ. ल. एकदा. चिमटा: चार, मग तीन, संध्याकाळी पुन्हा चार.
माझ्या घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं काही, हे किती वर्षांनी. असो. ही वही त्यासाठी नाही.

२१ मे
गंगाबाई परतली. बहीण गेली. डोळे सुजलेले, आवाज बसलेला.
तिला वाचता येत नाही. ही पानं मी वाचून दाखवली. १५ तारखेशी आले तेव्हा तुकाजी मध्येच म्हणाले, ‘जाऊ द्या ना, बाई.’ गाळलं नाही. वाचलं.

गंगाबाई उठली. घागर घेतली, खड्ड्यात उतरली, शिंपडायला लागली. चारही भिंती भिजवल्या. मग वर न पाहता, ‘काहून उभ्या हाय, बाई? द्या इकडे.’

दिलं: पिल्लू, एक. मऊ सुताची लड, धुतलेली. ड्रॉपर. ग्लुकोजचा डबा, निम्मा.
देण्याआधीचा चिमटा: चार.
पिल्लाने ओली भिंत हुंगली. चाटली की नाही, वरून दिसलं नाही.