मागच्या सीटवरची शिट्टी

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांना कुकर ऐकू आला नाही. पाच शिट्ट्या! मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तिथून पळत आले. हे ओट्याला पाठ टेकून बसलेले — टेबलावर विमानाच्या वायरी पसरलेल्या, हातात सोल्डरिंग गन. डाळ तळाला लागली. वरची काढून घेतली, करपलेलं तेवढं टाकलं. जिवावर आलं.

"कुकर बंद करायचा ना."
"कामात होतो."

कामात होते, खरंच. पण आधी दाराची बेल, मग दूधवाल्याची हाक, मग मोबाईल. मी वहीच्या शेवटच्या पानावर एकेक लिहून ठेवते. दुधाच्या खाड्यांसारखं. आजचं धरून चौदा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

इंटरकॉम बसला. आज हे खुशीत. कारखान्याच्या जुन्या धावपट्टीवर जो फ्लाइंग क्लब आहे, तिथलं चार सीटचं विमान. इंजिनाच्या आवाजात शेजारच्याचंही बोलणं कळत नाही म्हणून सगळे कानावर हेडफोन लावतात, तोंडापुढे माईक. जुना इंटरकॉम पुढच्या दोघांपुरताच होता. ह्यांनी काढून नवा घातला — आता मागे बसलेल्या शिकाऊ मुलांनाही ऐकता-बोलता येईल. सही पुण्याचे इंजिनिअर करतात, पण हात ह्यांचा.

नगरला रणगाड्यांच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं हेच केलं. तिथं ह्यांना नावच पडलं होतं — 'कान'. "खरखर कुठून येतीय ते दानीएलला विचारा." रिटायर झाल्यावर तीन वर्षं भिंतीकडे बघत बसले. क्लब चालवणाऱ्या कॅप्टनसाहेबांनी बोलावल्यापासून रोज दाढी करतात. देवाचे उपकार.

३० नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये नाताळची चांदणी लागली. मी दुसरं गीत एकटीनं म्हटलं. बाहेर पडताना हे नेहमीप्रमाणे, "आज चांगलं गायलीस." बरं वाटलं.

१ डिसेंबर, सोमवार

संस्कृती अर्ध्या भाकरीवर उठली. आमच्या मागच्या खोलीत राहते, विमान चालवायला शिकते. तिसगावची. वडील बन्सीभाऊ, बाजारात बियाण्यांचं दुकान. आज नव्या इंटरकॉमवर मागे पहिली तीच बसली.

"काकू, मला त्याच्यात शिट्टी ऐकू येती. लई बारीक. इंजिन वाढवलं की ती पण वाढती."

हे म्हणाले, "मी स्वतः मागं बसून ऐकलं. काही नाही. स्वच्छ हाय."

कॅप्टनसाहेबांचंही तेच म्हणे — दानीएल नाही म्हणतो म्हणजे नाही. तू कान तपासून घे. नऊ तारखेला पुण्यात मेडिकल आहेच.

मी वाढत होते. पळी हातातच राहिली.

२ डिसेंबर, मंगळवार

आज कुकरपाशी उभी राहिले, शिट्ट्या मोजून स्वतः बंद केला.

४ डिसेंबर, गुरुवार

पुढच्या हेडफोनांत शिट्टी येत नाही आणि मागे बसणारी सध्या ती एकटीच, त्यामुळे साक्षीला दुसरं कुणी नाही. सकाळी विचारत होती, "काकू, तुमच्या कानात कधी वाजतं का? मला आता खोलीत पण वाजल्यासारखं होतंय."

मेडिकलमध्ये कानात नापास झाली तर संपलं. विमान नाही. बन्सीभाऊंनी आधीच सांगून ठेवलंय — नाही जमलं तर परत ये, पाहुणे विचारतायत.

हे ताटावर होते. ऐकलं नाही, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं? पहिल्यांदाच मला सांगता येईना.

५ डिसेंबर, शुक्रवार

संस्कृतीनं बॅग भरायला घेतली. सोमवारच्या बसनं तिसगाव. "कागदावर नापास यायच्या आधी आपणच गेलेलं बरं. आण्णांना सांगीन, थंडी सोसंना."

म्हटलं, "तुझे कान चांगले आहेत गं."
"तुमाला काय म्हाईत, काकू?"

मला माहीत आहे. बुधवारी गॅस बारीक सुरू राहिला होता, तर मागच्या खोलीतून हिनंच हाक मारली — काकू, शेगडी सूं-सूं करतीय. हे शेगडीपासून दोन हातांवर होते.

तोंडाशी आलं आणि गिळलं. सांगितलं तर साहेब ह्यांना ठेवतील? ह्यांचं सगळं नाव कानावर. परत ती भिंत. प्रभू, तूच काहीतरी कर असं म्हणायचीही लाज वाटते. करायचं मलाच आहे.

६ डिसेंबर, शनिवार

धीर करून म्हटलं, "एकदा कान दाखवून येऊ."
"कुणाचे?"
ह्यांनी असं काही रोखून बघितलं की मी म्हणाले, "माझे."

खोटं बोलले. उद्या प्रभुभोजन आहे.

७ डिसेंबर, रविवार

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीची ताटली आली. हात पुढे गेला नाही. पाळकसाहेब दर वेळी सांगतात — मनात कुणाविषयी काही असेल तर आधी ते नीट करा, मग घ्या. मी ताटली तशीच पुढे दिली. चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. ह्यांनी पाहिलं. मागच्या बाकावर मालनबाईंनीही पाहिलं, त्यांचं मी बघून घेईन.

स्कूटरवरून घरी आलो. चपला काढता काढता म्हणाले, "कुणाशी वाकडं आलंय तुझं, रेबेका?"

"संस्कृतीशी. तिचे कान चांगले आहेत हे मला माहीत आहे आणि मी गप्प बसलेय."

हे माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. तेव्हा कळलं, हे असंच ऐकतात.

वहीचं शेवटचं पान उघडून पुढे ठेवलं. सतरा ओळी. हळूहळू वाचल्या, चष्मा काढला. "हिशेब चोख ठेवलास," म्हणाले आणि वही घेऊन अंगणात गेले. दुपारी जेवले नाहीत. मीही नाही. रस्सा संध्याकाळी गरम केला.

८ डिसेंबर, सोमवार

साडेआठची बस. संस्कृतीची बॅग दारात. हे दाढी करून तिच्यापुढे उभे राहिले. "बस जाऊ दे. माझ्यासंगं चल." मग माझ्याकडे न बघता, "तूही."

विमान मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. केवढंसं! दार मोटारीसारखं, मागचं रेक्झिन उसवलेलं. कॅप्टनसाहेब चहा पीत होते. हे सरळ त्यांच्यासमोर गेले.

"सर, मला बारीक आवाज येत नाही. दोन वर्षं झाली. तुम्हाला सांगितलं नाही. ही पोरगी ऐकते ते खरं असणार."

साहेबांनी कप खाली ठेवला. मी माझ्या पदराचं टोक बघत होते. शेवटी साहेब म्हणाले, "आधी शिट्टी शोधा."

संस्कृती हेडफोन लावून मागे बसली. साहेबांनी इंजिन सुरू केलं. तिचा अंगठा खाली — म्हणजे शिट्टी आहे. इंजिन बंद, ह्यांनी एक जोड सोडवून परत बसवला, इंजिन चालू. अंगठा खालीच. परत. तिसऱ्या वेळी ह्यांनी मागच्या सीटजवळचं, हेडफोनची पिन घालायचं सॉकेट खोललं. तिथं सॉकेट आणि विमानाचा पत्रा यांच्यामध्ये फायबरची चकती हवी होती, ती नव्हतीच. धातूला धातू टेकलेला, त्यातून इंजिनाच्या विजेची शिट्टी हेडफोनात शिरत होती. हे स्वतःशीच हसले. "रणगाड्यात सगळं बॉडीला आवळायचं. हात सवयीनं तसाच गेला."

चकती घातली. इंजिन चालू. संस्कृती डोळे मिटून बसली. मग अंगठे वर! दोन्ही हातांचे.

साहेब ह्यांना एवढंच म्हणाले, "कान दाखवून या. मग बोलू." मग म्हणजे काय, ते सांगितलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

पुण्याहून फोन आला. "काकू, कान पास! डॉक्टर म्हनले, पोरी, तुला मुंगी चालल्याली पण ऐकू येईल. काकांना सांगा." ह्यांच्या समोर उभी राहून सावकाश सांगितलं. मान हलवली. मग बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसले. कालच पुसली होती.

१० डिसेंबर, बुधवार

ह्यांनीच नगरच्या कानाच्या डॉक्टरांचा नंबर लावलाय, उद्या अकराचा. आता त्या यादीचं काम संपलं, पान फाडून टाकावं म्हणून उघडलं. माझ्या सतरा ओळींखाली पेन्सिलीनं ह्यांचं अक्षर —

१८. सकाळची पाखरं.
१९. नॅन्सी फोनवर काय बोलते ते. लेकीला हो-हो म्हणतो.
२०. रेबेकाचं चर्चमधलं गाणं. दोन नाताळ झाले.