आतल्या खोलीतून चॅनेल

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्यावरचा राग काही गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादमी केलीत आणि घरीही मुकादमच राहिलात. गुडघे गेल्यावर तुमची खाट आतल्या खोलीत आली. टीव्ही बाहेर, मध्ये भिंत. तुम्हाला पडदा दिसत नव्हता, फक्त आवाज येई. तरी हुकूम सुटला, "इथून रिमोट चालला पायजे." मी यवतमाळहून वायर आणली. रिमोटचा इशारा पकडणारा तिचा डोळा तुमच्या उशाशी खिळ्याला टांगला, वायर चौकटीवरून बाहेर नेली, टोकाचा बारका दिवा सेटटॉप बॉक्ससमोर चिकटवला. तुम्ही बटण दाबलं, बाहेर चॅनेल बदललं. "डोकं आहे तुले," म्हणालात. जन्मात एकदाच. त्या कौतुकावर मी दिवसभर फुगून होतो.

त्याच संध्याकाळी आई तुरीच्या शेंगा सोलत मालिका बघत होती. किती दिवस वाट पाहिलेलं त्यातलं लग्न त्या दिवशी लागणार होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि पडद्यावर कापसाचे भाव आले.

"काहून जी?" तिने आतल्या दाराकडे बघून विचारलं.

"मले आयकू येऊन राह्यलं ते रडगाणं," तुम्ही म्हणालात.

तुम्हाला बघायचं काहीच नव्हतं. तिला बघू द्यायचं नव्हतं, एवढंच. ती टोपली उचलून स्वयंपाकघरात गेली. पुन्हा तिने मालिकेचं नाव काढलं नाही, आणि तुम्हाला त्याचं काही वाटलंही नाही.

आता त्या खाटेवर आई झोपते. गेल्या रविवारी मी वायर उपटायला निघालो, तर म्हणाली, "राहू दे ना बापा." मी बाहेर मॅच लावून बसलो. शेवटची ओव्हर, आणि पडद्यावर अचानक मालिकेतली सासू. आतून आईचं हसू आलं. इतकं खोडकर हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. आणि मी ओरडलो, "कायले बदलवलं वं? लाव परत."

आवाज थेट तुमचा होता, बाबा. हसू थांबलं. मॅच परत लागली. मग ती हळूहळू बाहेर आली, रिमोट माझ्या मांडीशी ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली.

तुम्हाला दोष द्यायला बसलो होतो, तो अजूनही देतो. हे पत्र कुठे धाडायचं नाही, टेबलाच्या खणात पडून राहील. रिमोट मात्र अजून माझ्याकडेच आहे. तिला परत दिलेला नाही.